मधुमेहाचा मधुर मेळा

धारवाडच्या मळमड्डीत मधुमेहाविषयी जाहीर सभा भरवायची, ही कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या सभेत जे चांगलं घडलं ते लोक माझ्या भाच्याच्या नावावर मांडतात आणि उरलेलं सगळं माझ्या.

भाचा म्हणजे प्रभंजन. मुंबईहून डॉक्टर होऊन आला आणि आमच्याच घराच्या पडवीत त्याने दवाखाना थाटला. पाटी लागली, टेबल आलं, काचेच्या नळ्यांची घडवंची आली, फक्त रोगी येईनात. मळमड्डीतली माणसं आजारी पडत नव्हती असं नाही. पण ज्याला लहानपणी अंगणात उघडानागडा धावताना पाहिलंय त्याच्यापुढे जीभ बाहेर काढायला माणूस कचरतो. बिचारा दिवसभर नळ्या पुसत बसे. एकदा मी चहा घेऊन गेलो तर म्हणाला, "मामा, या भागात मधुमेह घरोघर दडलेला असणार. लोकांना सारखी तहान लागते, अंग झडतं, जखमा भरून येत नाहीत, आणि सगळे म्हणतात उन्हाळा आहे. मला लघवीचे थोडे थेंब मिळाले तर इथल्या इथे सांगेन. औषध निळं राहिलं तर साखर नाही, तांबडं झालं तर आहे."

"मग सांगत का नाहीस?"

"थेंब कोण देतो?"

मी जिल्हा कोर्टातला निवृत्त हेड ट्रान्सलेटर. कन्नडचं मराठी, मराठीचं इंग्रजी, असं जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे वाहिलं. स्वतःचं असं एक वाक्य समाजापुढे ठेवावं, ही इच्छा मनात होतीच. "सभा घेऊ," मी म्हणालो.

घरात सांगितलं तेव्हा शकुंतला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सभेत लोकांना सांगणार काय, गोड खाऊ नका?"

"हो."

"धारवाडात?"

एवढंच म्हणून ती परत तांदळाकडे वळली. माझ्या पत्नीचा विरोध हा असा असतो.

शेजारच्या बाळाचार्यांनी मात्र सविस्तर सल्ला दिला. बाळाचार्य पंचांग सांगतात आणि पंचांग संपलं की शेजाऱ्यांना काय करावं ते सांगतात. ते म्हणाले, "शेषण्णा, सभा घ्या, पण रोगाची निंदा करू नका. लोक दुखावतील. मधुमेह हा राजरोग. बसून डोकं चालवणाऱ्यांना होतो. वकिलाला होतो, मामलेदाराला होतो. नांगर धरणाऱ्याला झालेला ऐकलाय कधी? आमच्या नात्यात एक सोयरीक जमत नव्हती. मुलाच्या वडिलांना मधुमेह आहे असं कळलं, तेव्हा मुलीकडचे एकदम अदबीने बोलायला लागले."

मला हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण अध्यक्षपदासाठी रावसाहेब कट्टींकडे गेलो तेव्हा बाळाचार्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. रावसाहेब निवृत्त मामलेदार. सभेला जागा हवी होती आणि आंब्याच्या झाडाखाली अख्खं गाव मावेल असं आवार मळमड्डीत त्यांचंच. विषय ऐकताच ते खुर्चीत ताठ झाले.

"आमच्या घराण्यात तीन पिढ्या मधुमेह आहे," ते इनामाची जमीन सांगावी तसं म्हणाले.

प्रभंजनने विचारलं, "आपण तपासून घेतलाय का?"

"तपासायचं काय त्यात? आमचे आजोबा कोण होते हे तुला ठाऊक नाही."

आवार मिळालं, अध्यक्ष मिळाला. पण ही बातमी पांडुरंगी वकिलांच्या कानावर गेली, आणि ते संध्याकाळी काठी टेकत आमच्या पडवीत हजर. "कट्टींच्या मधुमेहाला पुरावा काय?" त्यांनी विचारलं. "मला रात्री दोनदा उठावं लागतं, हे माझी बायको शपथेवर सांगेल." त्यांची समजूत घालायला मी 'उद्घाटक' असं नवं पद निर्माण केलं. मीही त्या दिवसापासून चहात साखर घेणं सोडलं आणि कुणी चहा पुढे केला की मोठ्याने सांगू लागलो. समाजाला उदाहरण लागतं.

मग पोलिसांची परवानगी. ते साल एकतीस. मिठाची चळवळ होऊन वर्ष झालं होतं आणि चार माणसं एकत्र जमली की सरकारला घाम फुटत होता. फौजदारांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"साखरेविरुद्ध सभा?"

"हौद री, होय साहेब."

"अगोदर मीठ. आता साखर." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही पेन्शनर माणूस. यात कशाला पडता?"

मी त्यांना साखर रक्तात कशी साठते ते सांगितलं. 'रक्त' हा शब्द ऐकून ते आणखी सावध झाले. शेवटी परवानगी मिळाली, पण एक पोलीस शिपाई सभेत बसून प्रत्येक शब्द टिपून घेईल या अटीवर. आयुष्यभर मी इतरांचे शब्द टिपले, आता सरकार माझे टिपणार, या विचाराने मी घरी येताना जरा ऐटीतच चालत होतो.

आता हस्तपत्रक. इथे माझा सगळा अनुभव पणाला लागला. लोकांनी तपासणीसाठी लघवी आणावी हे छापायचं कसं? स्त्रिया वाचणार, विद्यार्थी वाचणार. कोर्टात असताना अत्यंत नाजूक मजकुरांची मी सभ्य भाषांतरं केली होती. विचार करकरून मी एक शब्द घडवला: स्वजल. 'मधुमेह-सभा. सर्वांनी अवश्य यावे. प्रत्येकाने येताना स्वजल आणावे.' प्रभंजनने वाचून विचारलं, "मामा, कळेल ना लोकांना?" मी म्हणालो, "सुसंस्कृत माणसाला कळेल."

हुबळीच्या एका लहानशा छापखान्यात मजकूर पाठवला. पत्रकं छापून आली ती थेट गावभर वाटली गेली, आणि मी पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. वर ठसठशीत टाइपात छापलं होतं: 'मधुर मेळा.'

मी तडक हुबळी गाठली. खिळे जुळवणारा जुळारी शांतपणे म्हणाला, "मधुमेह असला शब्द कोण छापतं री? लिहिताना चुकलं असेल म्हणून मी दुरुस्त केला. मेळा म्हटलं की लोक येतात." तीस वर्षं न्यायाधीशांनी माझ्या अक्षराची स्तुती केली होती. मी त्याला काहीच बोललो नाही. बोललो असतो तर त्याने ते वाक्यही दुरुस्त केलं असतं.

सभेच्या दिवशी सकाळपासून शकुंतलेने अंबूताईला बोलावून घेतलं होतं. अंबूताई म्हणजे मळमड्डीतल्या मुंजी-बारशांची स्वयंपाकीण. विधवा, एकटी, वय साठीकडे झुकलेलं. तिच्या हातचं न जेवलेला माणूस आमच्यात सापडायचा नाही. लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही हा शकुंतलेचा हट्ट, आणि गोड द्यायचं नाही हा प्रभंजनचा. म्हणून चुरमुऱ्यांचं गिरमिट करायचं ठरलं. अंबूताईला ते अजिबात पटलं नव्हतं.

"अण्णा, इतकी मोठी मंडळी येणार आणि गोडाचा घास नाही? तेराव्यालासुद्धा लाडू असतो," ती कांदा चिरता चिरता म्हणाली.

"अंबूताई, हा विचारांचा कार्यक्रम आहे."

"मग विचारात थोडा गूळ तरी घाला," असं म्हणून ती परत कांद्याला लागली.

संध्याकाळी रावसाहेबांच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. सतरंज्या भरल्या, कुंपणावर माणसं चढली. एका कोपऱ्यात पोलीस शिपाई पेन्सिल ओली करून बसला होता. आणि प्रत्येकाच्या हातात पाणी. फिरकीचे तांबे, सुरया, बाटल्या, एका गृहस्थांनी तर कळशी आणली होती. गर्दी पाहून माझा ऊर भरून आला. सुसंस्कृत माणसाला कळतं, असं मी प्रभंजनला डोळ्यांनीच सुनावलं.

रावसाहेबांचं अध्यक्षीय भाषण झालं. त्यात त्यांच्या आजोबांच्या आजारपणाचं वर्णन इतकं भारदस्त होतं की ऐकणाऱ्यांना आपण निरोगी असल्याची लाज वाटावी. उद्घाटक पांडुरंगी वकिलांनी त्यातले चार मुद्दे खोडून काढले. मागून कुणीतरी विचारलं, "पेटी-तबला केव्हा येणार?" आणि मग प्रभंजनने दिवा पेटवून पहिल्या नमुन्याची तपासणी सुरू केली.

निळंच राहिलं. दुसरं निळं. तिसरं निळं. वकिलांचं निळं, रावसाहेबांचं निळं. प्रभंजनच्या कपाळावर आठी पडली. त्याने एक तांब्या नाकाशी नेला, मग दुसरा, आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, हे विहिरीचं पाणी आहे."

वकिलांना ऐकू गेलं. "अर्थात. आमच्याच विहिरीचं. पत्रकात स्वजल म्हटलंय. उन्हाळ्याचा मेळा, पाणी ज्याचं त्याने आणावं, योग्यच आहे. आमच्या विहिरीचं पाणी मळमड्डीत एक नंबर, यात साखर निघायचा प्रश्नच नव्हता."

त्या क्षणी जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. पण प्रभंजन डगमगला नाही. तो खुर्चीवर उभा राहिला आणि माझ्या सगळ्या नाजूक भाषेवर पाणी ओतत खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी, मला लघवी हवी आहे."

बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. बाळाचार्य उठून निघालेच होते. शिपायाने पेन्सिल थांबवून मला विचारलं, "हे लिहायचं का री?"

सभा तिथेच मोडली असती. पण रावसाहेब उठले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "अध्यक्ष या नात्याने पहिला मान माझा," आणि वाड्यात गेले. ते दिसेनासे झाले नाहीत तोच वकील काठी घेऊन मागोमाग निघाले. मग काय, मानाचाच प्रश्न झाला. मामलेदार जातो, वकील जातो, मग हेडमास्तर का नाही? जो तो उठला. बाळाचार्यसुद्धा दारापर्यंत जाऊन परत फिरले. बायकांचा कारभार शकुंतलेने परसदारी आपल्या हाती घेतला आणि, मान्य करायला हवं, तो पुरुषांपेक्षा शिस्तीत चालला.

भांडी पुरेनात. औषधांच्या बाटल्या, गुलाबपाण्याच्या, अत्तराच्या कुप्या, रावसाहेबांच्या घरातलं जे जे रिकामं होतं ते ते भरून टेबलावर आलं. नावाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. अक्षर उत्तम होतं. खळ पातळ झाली होती. ओल्या बाटल्यांवरून चिठ्ठ्या एकेक करून घसरल्या आणि टेबलाखाली त्यांचा सडा पडला. "असू दे," प्रभंजन दात आवळून म्हणाला, "तांबडं निघालं तर विचारू कुणाचं ते."

पुन्हा निळं, निळं. एक किंचित हिरवट निघालं, तेव्हा शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांनी ती आपली बाटली असल्याचं नम्रपणे सांगितलं आणि शेजारच्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मग प्रभंजनने एका लहानशा शिशीतले थेंब नळीत घातले, नळी ज्योतीवर धरली, आणि निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि बघता बघता मंगळुरी कौलासारखा तांबडा झाला. माणसं उठून उभी राहिली.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी," रावसाहेब म्हणाले.

"हरकत आहे," वकील म्हणाले. "ती शिशी मी टेबलावर ठेवताना तीन जणांनी पाहिलं."

"पांडुरंगी, तीन पिढ्यांचा रोग आहे आमचा."

"वारसा हक्काने रोग सिद्ध होत नाही, रावसाहेब. ताबा दाखवा."

खरं सांगतो, माझ्याही मनात आलं की ती माझीच असेल. महिनाभर बिनसाखरेचा चहा मी उगाच का प्यालो? मी घसा साफ केलाही होता. शिपाई वेड्यासारखा लिहीत होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, हातात गिरमिटाचा मोठा चमचा तसाच धरून, अंबूताई पुढे आली.

"ती शिशी माझी आहे हो," ती म्हणाली. "तेलाची. चिंधीचं बूच बघा, माझ्या लुगड्याचं आहे. शकुंतलाबाई म्हणाल्या, सगळ्या देतायत, तूही दे. भांडण लागणार असेल तर परत द्या."

चिंधी बघितली. तिच्याच लुगड्याची होती. प्रभंजन टेबल सोडून तिच्याजवळ आला. त्याचा आवाज बदलला होता.

"अंबूअक्का, तहान फार लागते का?"

"चुलीपुढे बसणाऱ्याला लागणारच. उशाशी कळशी घेऊन निजते."

"अंग उतरलंय?"

"उपासांनी उतरलं असेल."

"पायाला काय झालंय?"

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "निखारा पडला होता. संक्रांतीला."

आता वैशाख चालू होता. प्रभंजन तिथेच मातीत उकिडवा बसला. तिला उभी पाहून रावसाहेबांनी, कुणी सांगितलं नसताना, स्वतःची अध्यक्षाची खुर्ची उचलून तिच्यामागे ठेवली. ती खुर्चीवर बसली नाही. ओट्याच्या कडेवर टेकली आणि पाय पुढे केला. अंगठ्याची जखम मी पाहिली. नंतर किती तरी दिवस मला ती जेवताना आठवत असे.

"ही अशीच राहिली तर पाय कापावा लागेल," प्रभंजन म्हणाला. "खाता काय रोज?"

"काय खाणार? जे उरतं ते." ती सरळपणे सांगू लागली. "कार्य झालं की भात, वरण, भाजी पंगतीत संपतं. उरतं ते गोड. लाडू, शिरा, चिरोटे. मंडळी मायेने बांधून देतात. तेच पुढल्या कार्यापर्यंत पुरवते. वेगळी चूल कशाला पेटवायची एकटीने?" मग जरा हसली. "मला वाटायचं, देव प्रसन्न आहे. म्हातारपणी रोज लाडू."

आवारातले सगळे जमिनीकडे पाहू लागले. तिथे असं एक घर नव्हतं ज्याने तिला गोड बांधून दिलं नव्हतं. गेल्याच महिन्यात आमच्या घरून बेसनाचे गेले होते, आणि ते बांधताना मी शकुंतलेला म्हणालो होतो, चांगले भरपूर घाल, गरीब आहे.

"पण हा रोग मोठ्या लोकांचा ना?" तिने बाळाचार्यांकडे पाहून विचारलं. "मला कसा होईल?"

बाळाचार्य पायाने आपल्या वहाणा चाचपू लागले.

"तुमच्या ताटात मोठ्या लोकांचंच जेवण होतं, अक्का," प्रभंजन म्हणाला. "ते बंद. मी सांगेन तेवढी भाकरी, पालेभाजी, थोडी डाळ. भात नाही. रोज सकाळी माझ्याकडे जखम धुऊन घ्यायला यायचं. एवढ्याने साखर उतरली नाही, तर मुंबईहून सुईचं औषध मागवेन."

"भाकरी आणू कुठून?"

हा प्रश्न तिने प्रभंजनला विचारला होता, पण उत्तर रावसाहेबांनी दिलं. ते उभेच होते, खुर्ची गेलेली. त्यांनी मामलेदारी आवाज काढला, आणि त्या दिवशी तो मला प्रथमच आवडला. "ठराव मांडतो. यापुढे मळमड्डीत अंबूताईला कार्याचं उरलेलं गोड कुणी बांधून द्यायचं नाही. जोंधळे आणि डाळ मापून द्यायची. कुणाचा विरोध?"

"अनुमोदन," पांडुरंगी वकील म्हणाले. रावसाहेबांच्या कुठल्याही वाक्याला त्यांनी अनुमोदन दिल्याचा हा पहिला प्रसंग.

आभाराचं भाषण मी पाठ करून आणलं होतं. ते करायला मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी गिरमिट खाल्लं, पेटी-तबला आलाच नाही अशी तक्रार करत लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फौजदारांचं बोलावणं आलं. शिपायाचा अहवाल त्यांच्यापुढे होता. "ठराव झाला म्हणे?"

"झाला."

"सरकारविरुद्ध?"

"नाही री. लाडवांविरुद्ध."

त्यांनी अहवाल मिटला. मग दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं की त्यांच्या सासूबाईंनाही फार तहान लागते, तर डॉक्टर सकाळी किती वाजता भेटतात.

त्या आठवड्यापासून आमच्या पडवीत बसायला जागा मिळेनाशी झाली. आणि रांगेत वकील-मामलेदार थोडे, बायका जास्त. कुणी पाणी भरणाऱ्या, कुणी दळण दळणाऱ्या, कुणी स्वयंपाकिणी. अंबूताई रोज सकाळी यायची, पाय धुऊन पट्टी बांधून घ्यायची आणि मग नव्या बायकांना नळीतला रंग कसा बघायचा ते तासभर समजावत बसायची. जखम हट्टी होती. एकदा तर प्रभंजनने मला बाजूला घेऊन सांगितलं की अंगठा वाचेल असं वाटत नाही. त्या दिवशी मी साखरेचा चहा प्यालो, कुणाला न सांगता. पण आषाढात कडा आवळायला लागल्या, आणि श्रावण सरता सरता जखमेवर नवी कातडी आली.

पुढे दिवाळीनंतर पांडुरंगी वकिलांकडे नातवाचं बारसं होतं. स्वयंपाक अर्थातच अंबूताईचा. पंगती उठल्या, आम्ही पुरुष माजघरात पान खात बसलो होतो. मागच्या दाराशी वकिलीणबाई सवयीने लाडवांची पुरचुंडी बांधत होत्या.

"वहिनी, ते नको," अंबूताईचा आवाज आला. "जोंधळे घाला. आणि तूर."

"हो गं, विसरले. पण लाडू फार उरलेत. आता करू काय त्यांचं?"

"रावसाहेबांना द्या. त्यांची बाटली निळी आली होती, त्यांना चालतात."

माजघरात पान चघळणं थांबलं. वकील छताकडे पाहू लागले. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "आणा."

ताट आलं. त्यांनी एक खाल्ला, चांगला झालाय म्हणाले. दुसरा खाल्ला. तिसरा उचलला, तेव्हा अंबूताई दाराच्या चौकटीशी जोंधळ्यांची पिशवी कमरेवर घेऊन उभी होती. ती नुसती पाहत राहिली. रावसाहेबांनी तो लाडू थोडा वेळ बोटांत फिरवला आणि सावकाश परत ताटात ठेवला.